मीठवाला

"हे बघ आणि खरं खरं सांग. यातलं तुझं कोणतं?"

तिने पडदा मीठवाल्याकडे वळवला. पडद्यावर बारीक टिंबं होती. एकेक टिंब म्हणजे टाकीत कधीतरी चमकून गेलेला उजेड. अख्खी खोली त्याच्या तोंडाकडे बघत होती.

टाकी खालच्या मजल्यावर, जाड भिंतींच्या आड होती. आत तेल भरलेलं, आणि चहूबाजूंनी काचेचे शेकडो डोळे लावलेले. वेगवान इलेक्ट्रॉन तेलातून गेला की या डोळ्यांपुढे नुसता लखलखाट होतो; त्याचं कोणाला कौतुक नव्हतं. यांना हवा होता तो मंद, मरगळलेला इलेक्ट्रॉन. तो जाता जाता जेमतेम चिमूटभर उजेड सांडतो. तेवढा टिपायचा म्हणून सरांनी उभी हयात घालवली, आणि सरांच्या मागोमाग तिनेही आपली बरीचशी. आधीच्या दोन टाक्यांनी तोंडाला पानं पुसली होती. ही तिसरी, आणि शेवटची. वरच्यांनी हात झटकले होते आणि पुढच्या आठवड्यात तेल उपसायला माणसं येणार होती. सर घरी अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या डॉक्टरांनीही हात टेकले होते. सरांनी अंधार बघूनच डोळे मिटू नयेत, एवढीच तिची इच्छा उरली होती.

या मंडळींची एक रीत होती, सरांनीच घालून दिलेली. काचेचे डोळे भलते लबाड. कधी काहीच नसताना त्यांना भास होतात, कधी समोरून गेलेलंही दिसत नाही. आणि त्यांच्यामागे बसलेली माणसं तर त्यांच्याहून आशाळभूत. म्हणून एकाने गुपचूप टाकीत खोटा उजेड सोडायचा, केसाएवढ्या काचेच्या तंतूतून, हुबेहूब मंद इलेक्ट्रॉनसारखा. बाकीच्यांनी खरं-खोटं ठाऊक नसताना सगळंच शोधायचं. त्याने यांचं सापडलेलं बघायचं नाही, यांनी त्याचं सोडलेलं विचारायचं नाही. शेवटच्या दिवशी एकदाच काय ते समोरासमोर. त्या खोट्या उजेडातला बहुतेक सापडला, तर डोळे शाबूत आहेत असं समजायचं. याला ते मीठ टाकणं म्हणत.

ते काम तिच्याच वर्गातल्या मित्राकडे होतं. बोलता बोलता काही निसटायला नको, म्हणून बिचाऱ्याच्या शेजारी जेवायलाही कोणी बसत नसे. त्याची बायको म्हणायची, "तिकडे बरोबर आठवणीने टाकतो, घरच्या आमटीत मात्र विसरतो." आधीच्या दोन्ही टाक्यांत जे जे चमकलं ते शेवटी याचंच निघालं होतं. दोन्ही वेळा त्याने मान खाली घालून "हे माझं, हेही माझंच" म्हटलं होतं, आणि दोन्ही वेळा तिला त्याचा राग आला होता. राग यायचं काही कारण नव्हतं, पण आला होता.

मीठवाल्याने चष्मा कपाळावर चढवला. आपल्याजवळच्या वेळा पडद्यावरच्या वेळांशी ताडून पाहिल्या. मग पुन्हा पहिल्यापासून पाहिल्या.

"एकही नाही," तो हळूच म्हणाला. "यातलं एकही माझं नाही."

क्षणभर कोणाला कळेचना. मग जो गलका झाला, तो खालच्या पहारेकऱ्याला वर घेऊन आला. कोणी कोणाला मिठी मारत होतं, कोणी खुर्चीवर चढलं. ती टेबलाला धरून उभी राहिली.

"अगं, जरा थांब, माझं ऐक—" मीठवाला म्हणत होता. त्याचा चेहरा पार उतरला होता. इतकी वर्षं एकटं जेवून जेवून माणूस आनंद करायचाच विसरतो, असं तिला वाटलं. तिला त्याच्यासाठी भरून आलं. तिने त्याचा खांदा दाबला आणि दुसऱ्या हाताने सरांच्या घरी फोन लावला.

फोन सुनेने घेतला. "ताई, आज त्यांना बोलवत नाहीये हो."

"बोलू नकात देऊ. नुसता कानाशी धरा."

तिने फोनचा आवाज मोठा केला आणि तो टेबलावर ठेवला. सगळे भोवती गोळा झाले.

"सर, दिसला! उजेड दिसला. आणि मीठ नाहीये ते. याने आत्ताच सगळ्यांसमोर सांगितलं, एकही त्याचं नाही."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग सुनेचा आवाज आला, "हसताहेत ताई. कितीतरी दिवसांनी हसताहेत." इकडे तिने तोंडाला पदर लावला. जीव भांड्यात पडला होता. आता टाकी रिकामी करा, मोडा, भंगारात घाला, तिचं काही म्हणणं नव्हतं.

"शाब्बास, पोरी," सर म्हणाले. आवाज झिजला होता, पण वर्गातलाच होता. मग ते दम घ्यायला थांबले. पुढे बोलले तेव्हा त्या आवाजातलं हसू गेलं होतं.

"आणि याने टाकलेलं मीठ? त्यातलं किती सापडलं?"

खुर्चीवर चढलेला खाली उतरला. हे कोणी विचारलंच नव्हतं. तिने मीठवाल्याकडे पाहिलं. तो फोनवर वाकला.

"पहिल्या दिवसापासून टाकतोय, सर. भरपूर टाकलं. यांना त्यातलं एकही दिसलेलं नाही."