विसावा

फ्रीजरला झेंडूची माळ होती, दारावर हळदीकुंकवाची बोटं होती आणि आतल्या बर्फाचं पाणी झालं होतं.

"खंडेनवमीला यंत्रांना विसावा देतात ना, ताई," बापूराव म्हणाले. गेल्याच महिन्यात ते संस्थेच्या कार्यशाळेतून या प्रयोगशाळेत बदलून आले होते. मार्केट यार्डातून फुलं आणून त्यांनी एकेका यंत्राची मनोभावे पूजा केली होती आणि प्लग काढून ठेवले होते. मग दसरा, शुक्रवारची जोडून रजा, शनिवार, रविवार. ऑक्टोबरच्या उकाड्यात पाच दिवस.

पूर्णिमाची दोन वर्षं त्या फ्रीजरमधल्या चोवीस कुप्यांत होती. प्रथिनाचा आकार भोवतीच्या पाण्यानं सावरलेला असतो. पाणी गेलं की तो मोडतो. पाण्याच्या जागी साखर दिली तर तो टिकेल, असं तिचं म्हणणं. म्हणून बारा कुप्यांत साखर घालून वाळवलेलं प्रथिन, बारांत नुसतंच. थंडीवाचून टिकतं का बघू, असं तिनं दोनदा विचारलं होतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख नम्रता मॅडम म्हणाल्या होत्या, "बघा की. दोन वर्षं फुकट आली असतील तर."

आता मॅडमनी माळेकडे पाहिलं. "नैवेद्य राहिला वाटतं," एवढंच म्हणाल्या. येत्या शुक्रवारी अहवाल द्यायचा होता. कुप्या गेल्या तर पूर्णिमाचं कामही तिथंच थांबणार होतं.

पूर्णिमा कुणावर चिडली नाही. मनात देवाचं नाव घेऊन तिनं बिनसाखरेची कुपी उघडली, पाण्याचा थेंब सोडला, वर तपासणीचं द्रावण. प्रथिन शाबूत असेल तर ते पिवळं व्हायला हवं. दहा मिनिटं झाली. नितळच.

मग साखरेची कुपी. तसाच एक थेंब पाणी.

आधी काही नाही. मग तळाशी जराशी झाक, मग वर चढत चढत लख्ख पिवळा रंग. दुसरी कुपी पिवळी. तिसरीही. बाराव्या कुपीपर्यंत तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती.

"बिघडलं का हो सगळं?" बापूरावांनी दारातूनच विचारलं.

मॅडमनी नोंदवही ओढली. "प्लग किती वाजता काढलात? अंदाजे नको."

"अकरा बेचाळीस. पंचांग बघूनच काढला."

त्यांनी वेळ लिहिली. 'प्रयोग कोणी सुरू केला' या रकान्याशी पेन थांबलं.

"पूर्ण नाव सांगा, बापूराव."

बापूरावांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि गावासकट नाव सांगितलं.