भुकेवरचं बी

डबा उघडा होता आणि तो केवळाबाई खात होत्या. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. सुकन्या खाटेवर बसून एका पाकिटातलं बारीक बी चमच्यानं तोंडात टाकत होती. तिची आई उमाबाई दारातच थबकल्या.

सकाळच्या एसटीनं डबा पुढं पाठवून त्या मागच्या गाडीनं, कुणाला न सांगता, लातूरला आल्या होत्या. शिरूर अनंतपाळहून त्या रोज असाच डबा पाठवत. कंडक्टर तो स्टँडवर उतरवायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं घासूनपुसून तो परत यायचा. रिकामा डबा हातात आला की उमाबाईंचा जीव थंड व्हायचा. डॉक्टरकीच्या क्लासला बसलेली पोर घरचे चार घास खाते, यापरतं त्यांना काही नको होतं. पण काल दीर दयानंद लातूरहून आले आणि म्हणाले, "वहिनी, पोर लई वाळली." मग उमाबाईंना घरात बसवेना.

केवळाबाई त्या मुलींच्या होस्टेलच्या खोल्या झाडायच्या. त्या घास हातात धरूनच अवघडून उठल्या. "ताई, म्या मागितलं न्हाई. पोरगीच रोज म्हनती, मावशी तुमी खावा."

उमाबाईंनी लेकीच्या हातातलं पाकीट ओढलं. "काय हाय हे?"

"हेम्पचं बी. भांगेच्या झाडाचं."

"भांग खायलीस?"

"नशा न्हाई होत त्यानं. दोन चमचे खाल्ले की भूक लागत न्हाई."

उमाबाईंना काय ते कळलं. मोबाईलवरच्या पोरींसारखं बारीक व्हायचं खूळ! त्यांचं डोकं फिरलं. "नटी व्हायचंय का तुला? आन माझ्या हातचं आता कडू लागायलंय व्हय?" बोलताबोलता त्यांना रडू फुटलं. पहाटे उठून थापलेल्या त्या सगळ्या भाकरी त्यांच्या डोळ्यांपुढं आल्या. लेकीचं मनगट त्यांनी हातात धरलं आणि त्यांना भीतीच वाटली. हाडाला नुसती कातडी होती.

"चल घरी. असली डॉक्टरीण नगं मला," म्हणत त्या पिशवीत कपडे कोंबू लागल्या. त्यांचं ठरलं होतं. परीक्षा गेली उडत, पोर जगली पाहिजे.

सुकन्या जागची हलली नाही. आईला अडवलंही नाही. केवळाबाई भिंतीकडं बघत उभ्या होत्या.

"बारीक व्हायला न्हाई खात, माय," ती हळूच म्हणाली. "तुझा डबा उघडला की घर आठवतं. मग पुस्तकातलं अक्षर दिसत न्हाई. म्हणलं, भूकच लागली न्हाई, तर घर तरी कशाला आठवंल?"