बाईंपुढचं गाऱ्हाणं

नीरजानं पाटी विहिरीच्या कठड्यावर आपटली. ती फुटली नाही, म्हणून तिला आणखीच राग आला.

"मी उद्यापासून शाळेत जावचंय नाय," ती म्हणाली.

सदानंद मागीलदारी माडांची आळी साफ करत होता. त्यानं मुलीकडे पाहिलं आणि कुदळ खाली ठेवली. नीरजा बोलेल ते करून दाखवी, त्याला धास्ती होती ती त्याचीच. शाळा सोडून घरी बसलेल्या मुली वाडीत काही कमी नव्हत्या.

"काय झाला?"

झालं होतं ते असं. नवं राज्य होऊन काही महिनेच झाले होते. सोमवारी तपासणीला साहेब यायचे होते आणि त्यांच्यापुढे नव्या राज्याचे जिल्हे कुणी म्हणायचे, हे आज वर्गात ठरलं. नीरजाला सगळे जिल्हे पाठ. तिनं हात वर केला तो खाली घेतलाच नाही. बाईंनी उठवलं बाबूला. त्यानं रत्नागिरी दोनदा घेतली आणि नागपूर समुद्राकाठी नेऊन ठेवलं. तरी साहेबांपुढे बाबूच.

"माका कदीच इचारणत नाय! माज्या हाताकडे बगणतच नाय!"

तिची आजी, अक्का, कुळीथ पाखडत होती. तिनं तोंड घातलंच. "त्या बायेक कोण सांगतला? मी सांगून दमलंय. आयकता खंय!" अक्काचं आणि बाईंचं पहिल्या दिवसापासून जमलं नव्हतं, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं.

"बाबानू, तुमी बोला बाईंशी."

"मी?" सदानंद दचकला. "माका भय वाटता गो त्येंचा."

"तुमी तर देवापुढे बोलतास!"

"देव उलटून बोलणा नाय."

आचरे गावाजवळच्या त्या वाडीत देवळात गाऱ्हाणं घालायचा मान सदानंदाच्या घराकडे होता. कुणाची गाय हरवो, कुणाचा मुलगा मुंबईला कामाला निघो, सदानंदानं हात जोडून देवाला हाक घालायची आणि मागे उभ्या माणसांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एवढा बोलका माणूस, पण बाईंपुढे त्याची मजल 'हो'च्या पलीकडे जात नसे.

तो विहिरीच्या पायरीवर बसला. "तूच बोल. मी देवाक सांगतंय तसा. पयलो मान देवचो. मगे काय झाला ता सांगूचा, पण कोणाक दोष देवचो नाय. आणि मागणा एकच. धा मागलंस तर देवसुद्धा गोंधळता."

"आणि रडाक इला तर?"

"थांबूचा. मगे परत बोलूचा."

मग सदानंद बाई झाला. डोळे बारीक करून त्यानं "काय काम आहे?" असं शुद्ध मराठीत विचारलं, तेव्हा अक्कालाही हसू आवरेना. पहिल्या खेपेला नीरजा चिडली, पुढच्या खेपेला रडली. मग जमलं.

बाईंचा एक नियम होता. शाळेची तक्रार त्या वाटेत, देवळात किंवा विहिरीवर ऐकत नसत. ज्याला बोलायचं असेल त्यानं संध्याकाळी पुढच्या पडवीत यावं. ह्यात त्या कुणाचीच भीड धरत नसत.

बापलेक हातपाय धुऊन, कुंपणाच्या कडेनं वळसा घालून बाईंच्या पडवीत गेले. बाई खुर्चीत बसल्या होत्या. बाकावर बाबूचा बाप, गंगाराम, टोपी हातात घेऊन होता.

"काय काम आहे?" बाईंनी विचारलं.

सदानंद लगबगीनं मुलीच्या मागे सरकला. नीरजानं हात जोडले.

"बाईनू, तुमी शिकवतास म्हणान ह्या वाडीतली पोरां मुंबयची पत्रां वाचून दाखवतत."

"व्हय म्हाराजा," गंगाराम सवयीनं बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

"मी वर्गात हात वर करतंय, तो कोणाक दिसणा नाय. कोणाचो दोष नाय. पण हात दुखता."

"व्हय म्हाराजा," आता सदानंदही म्हणाला.

नीरजाचा आवाज कापायला लागला. ती थांबली. मग म्हणाली, "एकदा माका इचारा. चुकलंय तर परत हात वर करूचंय नाय. इतकाच मागणा."

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. काचा स्वच्छ झाल्या तरी त्या पुसतच राहिल्या.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तुला पुढे केलं तर लोक बोलतील, ह्या भीतीनं मी तुझ्याकडे बघणंच टाळलं."

मानकऱ्याच्या पोरीला पुढे केलं, असं म्हणणारी तोंडं वाडीत होतीच.

"लोक म्हंजे आमीच मां?" गंगाराम म्हणाला. "आमी काय बोलूचंव नाय. आमचो बाबू जिल्ह्यांच्या भयान जेवणा नाय, त्येका आदी सोडवा. मी त्याच कामाक इलंय."

"सोमवारी नीरजा म्हणेल," बाई म्हणाल्या. "पण घाई करायची नाही."

गंगाराम सुटल्यासारखा टोपी घालून निघून गेला. सदानंद बाकावर टेकला. इतका आनंद त्याला देवळात कधी झाला नव्हता.

नीरजानं हात सोडले. बाईंच्या खुर्चीला वळसा घालून ती थेट आत, स्वयंपाकघरात गेली आणि चुलीजवळ पाट घेऊन बसली.

"आई," तिनं पडवीकडे तोंड करून हाक मारली, "भूक लागली गो!"