अव्वाला आवडलेली ओळ

अठ्ठेचाळीस साली निजामाच्या राज्यातलं गाव धाकानं सोडून आम्ही भीमेपलीकडच्या छावणीत येऊन पडलो, तेव्हा माझ्या गाठोड्यात एक कादंबरी होती. गावात शेजारी राहणारी रेणुकाअव्वा ती तिथं रोज माझ्याकडून वाचून घ्यायची. म्हातारीला दिसत नव्हतं, आणि घरात कानडी, त्यामुळे मराठी बाजारापुरती. तिला आवडायचं ते शेवटचं पान. बारा वर्षांनी नायक गावी परततो, प्रेयसी वेशीत उभी असते आणि 'त्याला पाहताच तिचा ऊर भरून आला.'

"समदं ऊर आलं म्हण की त्याला बघायला," अव्वा खूश व्हायची. कानडीत ऊर म्हणजे गाव. इथं छाती भरून आलीय, हे समजावून सांगायचं त्राण मला कधीच नसायचं.

निजाम शरण आला आणि दिवाळीच्या आधी आम्ही दोघी परतलो. वेशीत कुणी नव्हतं. माळवदं बसली होती, अंगणांत गुडघाभर गवत. आमच्या आधी कुणी आलं नव्हतं आणि मागूनही कुणी येताना दिसत नव्हतं. अव्वाचा हात धरून मी तिथंच थांबले.

"कामून थांबलीस? आलं का गाव?"

"आलं, अव्वा."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"सुशीला, ऊर भरून आला का गं?"



"व्हय अव्वा, भरून आला."

मराठीत ते खोटं नव्हतं.