पाठमोरी

आई गेल्यापासून लेक एकच टी-शर्ट धरून बसली होती. धुतला तरी दोरीवरून ओलाच ओढून घालायची. त्यावर कुणा जपानी चित्रकाराने हाताने काढलेलं चित्र छापलेलं होतं: छत्री घेऊन चाललेली पाठमोरी बाई, मानेवर अगदी आईसारखाच सैल अंबाडा.

बाबाला ती पाठ बघवेना. शेवटी तो वैतागलाच, "काढ गं तो! पाठ फिरवून निघालेल्या बाईचं कसलं आलंय एवढं कौतुक?"

लेकीने छातीवरचं चित्र दोन्ही हातांनी कवटाळलं. "बाबा, तुला पाठ दिसते, कारण ती माझ्याकडे येतेय."

***

संध्याकाळी दुकानदार बाबाला समजावत होता, "अहो, तुमच्या मापात नाही येत हा. फक्त लहान मुलांसाठीच आहे."