दारातला पापा

तेलंगण वेगळं झालं त्या जूनमध्ये माझ्या नवऱ्याला, संदेशला, दारू सोडून एक वर्ष झालं. पुन्हा प्यायला तर लेकीला, रूथला घेऊन मी जालन्याला माहेरी जाणार, हे ठरलेलं होतं.

रविवारी त्यानं हैदराबादेतल्या आमच्या चर्चमध्ये साक्ष दिली. "ऑफिसातले विचारतात, कैसे छोडे भाई? सकाळी चहाच्या आधी स्तोत्र वाचतो, गुडघे टेकतो. पण खरी परीक्षा संध्याकाळची. अंबरपेठला आमच्या गल्लीच्या तोंडाशीच वाइनशॉप आहे, तिथं पाय थबकतो. मग आठवतं, माझी पाच वर्षांची रूथ दारात उभी असेल. गळ्यात पडून पापा घेईल. तसलं तोंड घेऊन तिच्यापुढं कसा जाऊ?"

बायका डोळे पुसत होत्या. पाळकबाईंनी माझा हात दाबला, "लेकरानं बापाला वाचवलं गं." मी मान हलवली. मला रडू आलं नाही.

सोमवारी संध्याकाळी तो घरी आला. रूथ धावली, गळ्यात पडली, पापा घेतला. तो हसत हसत बूट काढायला बसला.



रूथ स्वयंपाकघरात आली आणि रोजच्यासारखी माझ्या कानात म्हणाली, "तोंडाला वास नाही आला. आता चॉकलेट दे."