तळघरातली भिंत

तिसरी पायरी ओली असते. गिरणी सुटायच्या आधी ग्लास भरून ठेवा. शेकोटीजवळची खुर्ची मिसेस ग्रीनवूडची. माझा मुलगा युद्धावरून आला नाही, तरी दार वेळेवर उघडलं.

पब सोडताना प्रत्येक मालक पुढच्यासाठी तळघराच्या भिंतीवर खिळ्याने एक ओळ कोरून जाई. पब घेऊन तीन आठवडे झालेली हेझल त्याच भिंतीपाशी जुने मालक पर्सी यांना किल्ल्या परत देत होती.

"मला नाही जमत. काल दोनच गिऱ्हाइकं. त्यातला एक कुत्रा."

"जा की पोरी. पण लिहून जा." पर्सींनी खिळा पुढे केला.

ओळी छतापर्यंत गेल्या होत्या. वाचता वाचता हेझलचा आवाज खाली आला. "किल्ल्या राहू देत माझ्याकडे."

सर्वांत जुनी ओळ कोरणारा मालक इथे अकराच दिवस टिकला होता.